कृषक स्त्रीचा कुलशोध : वंशावळ, दस्त आणि ओवी

१

सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी घराण्यांना वंशावळ अपरिचित नाही. पाटीलकीच्या तंट्यात ती मांडली गेली, इनामाच्या चौकशीत ती दाखल झाली, आणि आज जातीच्या दाखल्यासाठी करावयाच्या प्रतिज्ञापत्रातही तीच लिहावी लागते. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, त्या पुत्रांचे पुत्र अशा क्रमाने हा वृक्ष खाली उतरतो. त्याच घराण्यातील एखाद्या स्त्रीचा माग काढू लागले, की मात्र दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतच वाट बुजते. आजीचे नाव कळते, आजीच्या सासूचे नाव क्वचित कळते. परंतु ती सासू कोणत्या गावची, कोणाची लेक, तिला भाऊ-बहिणी किती, या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. जिच्या हातांवर पेरणी, खुरपणी, काढणी आणि दळण उभे होते, ती शेतीच्या इतिहासात असूनही घराण्याच्या इतिहासात नसते.

या अभावाची कारणे सहसा दोन सांगितली जातात : स्त्रियांची निरक्षरता आणि लेखनिकांची बेपर्वाई. दोन्ही कारणे अपुरी आहेत. शेतकरी पुरुषही बहुसंख्येने निरक्षरच होता, तरी त्याचे नाव टिकले. आणि ज्या लेखनिकाने बांधाच्या खुणा व शेताची प्रतवारी काटेकोर नोंदविली, त्याच्यावर सरसकट बेपर्वाईचा आरोप टिकत नाही. अभावाचे मूळ साधनांच्या प्रयोजनात आहे. प्रत्येक साधन कोणत्या तरी कामासाठी निर्माण झाले आणि त्या कामाला जे नाते लागत नव्हते ते त्याने गाळले. म्हणून कृषक स्त्रीचा कुलशोध घेणाऱ्याने प्रथम विचारावयाचे ते हे, की हे साधन कोणासाठी आणि कशासाठी लिहिले अथवा गाइले गेले.

२

वंशावळ ही स्मृती नव्हे. तो दावा होय. वतन कोणाकडे चालावे, हिस्सा किती पडावा, मानपान कोणी घ्यावा, या वादांत ती पुरावा म्हणून तयार झाली. जी व्यक्ती हक्काची वाहक नाही, तिला अशा लेखात स्थान असण्याचे कारणच नव्हते. इंग्रजी अमलात या दृष्टीला कायद्याचे बळ मिळाले. वंशपरंपरागत हुद्द्यांविषयीचा मुंबई इलाख्याचा कायदा १८७४ चा. त्यानंतर १८८६ च्या पाचव्या कायद्याने वतनाच्या वारसाक्रमात, शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा वगळता, घराण्यातील इतर स्त्रियांना पुरुष वारसांच्या मागे टाकले. तेव्हा वतनी कागदांत विधवेचे नाव आढळते आणि लेकीचे आढळत नाही, यात योगायोग काही नाही. विधवा ही हक्काच्या मार्गातील पायरी होती. लेक त्या मार्गाबाहेरची होती.

दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात हेळवी गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगतात व लिहून ठेवतात. त्यांचे कार्य मोलाचे आहे, कारण ते सरकारी दप्तराच्या बाहेरचे आहे. तथापि ज्या यजमानाच्या दारी पिढ्या वाचावयाच्या, त्याच्या पुरुषपरंपरेचे कीर्तन हेच त्यांचेही मुख्य प्रयोजन असल्याने दृष्टी बदलत नाही.

वंशावळीचा हा एकेरीपणा किती फसवा असतो, याचे उदाहरण होळकर घराण्यात सापडते. २०१९ पासून सोलापूरच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या अहिल्याबाई चौंडीच्या माणकोजी शिंदे या पाटलाच्या कन्या. जन्म १७२५, मृत्यू १७९५. त्यांच्या सासरची वंशावळ खंडोजी, मल्हारराव, खंडेराव, मालेराव अशी सरळ उतरते. परंतु इतिहास या सरळ रेषेने घडलेला नाही. मल्हारराव लहान असतानाच पिता वारला, आणि आई मुलाला घेऊन खानदेशातील तळोदे येथे आपल्या भावाकडे, भोजराज बारगळ यांच्याकडे, गेली. मल्हारराव तेथे वाढले आणि त्याच मामाची मुलगी गौतमाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे १७३४ मध्ये पेशव्यांनी होळकरांना दिलेली खासगी जहागीर याच गौतमाबाईंच्या नावे होती. म्हणजे होळकरांच्या उदयाचा पहिला आधार एका विधवेचे माहेर हा होता. वंशावळीत मात्र खंडोजीच्या नावाखाली मल्हाररावांचे नाव अखंड रेषेने जोडलेले दिसते. मधला तळोद्याचा मुक्काम आणि तो घडवून आणणारी स्त्री या रेषेत मावत नाहीत. राजघराण्याची ही स्थिती, तर सामान्य कुणब्याच्या घराची काय असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

३

वंशावळीनंतर दुसरे साधन म्हणजे दस्त. येथे स्त्री आढळते, परंतु ज्या रूपात आढळते ते नीट वाचावे लागते. जुन्या मराठी कागदांत पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ येते, म्हणजे अमक्याचा पुत्र. स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ अथवा ‘भ्रतार’ येते, म्हणजे अमक्याची पत्नी. हे दोन शब्द समान वजनाचे भासतात, पण त्यांची दिशा भिन्न आहे. ‘बिन’ मागल्या पिढीकडे नेतो. ‘कोम’ त्याच पिढीत बाजूला नेतो. पुरुषाच्या बाबतीत प्रत्येक कागद हा पित्याकडे जाणारा दुवा असतो; स्त्रीच्या बाबतीत तोच कागद पतीपाशी थांबतो. काही समाजांत लग्नात पहिले नावही बदलत असल्याने तिला माहेरच्या कागदातील मुलीशी जुळविण्याचा शेवटचा धागाही तुटतो.

सोलापूर जिल्ह्यात या अडचणीला राजकीय सीमांची भर पडली. १९४८ पर्यंत अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान होते, मंगळवेढे सांगली संस्थानात होते, तुळजापूर-नळदुर्गचा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तर बार्शी, माढा, मोहोळ हे तालुके इंग्रजी अमलात होते. सोयरिकींनी या सीमा मानल्या नाहीत. नळदुर्गाकडील मुलगी अक्कलकोटच्या खेड्यात नांदावयास येई आणि तिची लेक मोहोळकडे दिली जाई. दप्तरे मात्र सीमांनुसार विभागली गेली : निजामाच्या मुलखात उर्दू आणि फसली सन, इकडे मोडी आणि इसवी सन. पुरुषाचे चार पिढ्यांचे कागद बहुधा एकाच गावाच्या रुमालात मिळतात. आई, तिची आई, तिची आई या क्रमाने मागे जाऊ लागले, तर प्रत्येक पिढीला गाव बदलते आणि कधी कधी राज्य, लिपी व सनही बदलतो. कृषक स्त्रीच्या शोधाची खरी अडचण कागद नसणे ही तितकी नाही, जितकी ते विखुरलेले असणे ही आहे.

विसाव्या शतकात परिस्थिती पालटली ती हक्कनोंदणीमुळे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही, सहा-क म्हणजे वारसांची, सात व बारा म्हणजे हक्क आणि पिकांची. १७ जून १९५६ रोजी अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने विधवा, आई व मुलगी यांना पुत्राबरोबर पहिल्या वर्गाचे वारस ठरविले. परिणामी खातेदार मृत झाल्यावर होणाऱ्या नोंदीत मुलींची नावे सासरच्या नावांसह उतरू लागली. कुलेतिहासाच्या दृष्टीने ही नोंद विलक्षण महत्त्वाची आहे. कारण तिच्यात प्रथमच स्त्री एकाच ओळीत पित्याची लेकही असते आणि पतीची पत्नीही असते. ‘बिन’ आणि ‘कोम’ यांच्यातील तुटलेला सांधा येथे जुळतो.

परंतु या नोंदीमागोमाग वारंवार दुसरी नोंद येते. बहिणींनी तलाठ्यापुढे जबाब दिला, अथवा पुढील काळात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले, आणि त्यांची नावे कमी झाली. महाराष्ट्राच्या १९९४ च्या व केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला सहदायाद केल्यावरही ही प्रथा संपली नाही. येथे एक विपरीत सत्य समोर येते. पिढ्यान्‌पिढ्या कागदाबाहेर राहिलेली लेक माहेरच्या दप्तरात नावानिशी अवतरते ती हक्क सोडण्याच्या क्षणी. त्यागाचा दस्त हाच तिच्या कुळाचा उत्तम पुरावा ठरतो. शासनाच्या नोंदवहीत ती ओळ कंस करून वगळलेली असते. संशोधकाने नेमकी तीच वाचावयाची असते.

ही गोष्ट केवळ येथलीच नव्हे. अमेरिकेतील आरंभीच्या कृषिजीवनातील स्त्रियांचा शोध घेणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. तेथे १७९० पासून १८४० पर्यंतच्या शिरगणत्यांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असे आणि घरातील स्त्रिया वयोगटांच्या आकड्यांत मोजल्या जात. प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव लिहिण्यास १८५० मध्ये आरंभ झाला. त्याआधीच्या शेतकरी पत्नीचे नाव अनेकदा मिळते ते जमिनीच्या खरेदीखतात. पतीच्या पश्चात त्याच्या जमिनीतून निर्वाह होण्याचा तिचा जो हक्क, तो सोडीत असल्याचा कबुलीजबाब अनेक ठिकाणी पतीच्या गैरहजेरीत तिच्याकडून स्वतंत्रपणे घेण्याची पद्धत होती. तेथे पत्नीचा हक्क सुटत होता, येथे बहिणीचा सुटतो. पण दोन्ही ठिकाणी स्त्रीचे नाव लिहिण्याची गरज ती काही सोडून देत असतानाच पडली. दस्तांचे हे रिकामेपण भरून काढणारे साधन तेथे क्वचित रोजनिशीच्या रूपाने मिळाले. आजच्या मेन राज्यातील हॅलोवेल येथील मार्था बॅलार्ड या सुईणीने १७८५ पासून १८१२ पर्यंत लिहिलेल्या रोजनिशीवरून लॉरेल थॅचर उलरिक यांनी १९९० मध्ये एका सबंध वस्तीचा स्त्रीकेंद्रित इतिहास उभा केला. मराठी कृषक स्त्रीने रोजनिशी लिहिली नाही. तिने जात्यावर ओवी म्हटली.

४

ओवीकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन मराठी समीक्षेत दिसतात आणि कुलशोधाला दोन्ही अपुरे पडतात. एक दृष्टी ओवीला गाणारीचे आत्मचरित्र मानते. तिच्यात आलेला भाऊ, त्याचा वाडा, त्याची बैलजोडी हे सारे तिच्या आयुष्यातील वास्तव समजते. दुसरी दृष्टी ओवीला निव्वळ साचा मानते. व्यक्तीचा तिच्यात मागमूस नाही असे समजते. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. ओवीची चौकट समाईक असते, तिच्यात घातलेले नाव गाणारीचे असते. तीच ओवी दहा गावांत मिळते, आणि प्रत्येक गावी भावाचे नाव व माहेरचे गाव बदललेले मिळते. म्हणून सामान्य समजुतीच्या उलट, ओवीतील वर्णन हा तिचा पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळा भाग आणि विशेषनाम हा सर्वांत बळकट भाग होय. भावाचा वाडा चिरेबंदी होता की नाही, हे ओवीवरून ठरणार नाही. परंतु त्याचे नाव काय आणि तो कोणत्या गावी राहत होता, हे बऱ्याच अंशी ठरू शकेल.

यालाही अपवाद आहेत. राघू आणि मैना ही पुत्र व कन्या यांची संकेतनामे आहेत, व्यक्तिनामे नव्हेत. सोलापूरच्या प्रदेशात तर आणखी एक सावधगिरी हवी. भीमेच्या काठी पंढरी हेच माहेर, विठ्ठल हाच पिता अथवा बंधू आणि रुक्मिणी हीच माय अशी भावना ओवीत सर्वत्र पसरलेली आहे. तेव्हा ओवीत पंढरपूर आले, की गाणारी त्या गावची लेक होती असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. ज्या स्त्रीला माहेर उरले नाही, तिच्या तोंडी हे देवाघरचे माहेर अधिक येणे संभवनीय आहे. म्हणजे अशी ओवी माहेराचा पुरावा देण्याऐवजी त्याच्या अभावाकडे बोट दाखवीत असेल.

ओवीच्या मौनालाही अर्थ आहे. पतीचे नाव घ्यावयाचे नाही या रूढीमुळे ओवीत पती नावानिशी जवळजवळ येतच नाही. त्याचे नाव ऐकू येते ते उखाण्यात. ओवीत नाव घेतले जाते ते भावाचे आणि पुत्राचे. उलट दस्त पतीचे नाव घेतो आणि भावाविषयी मौन पाळतो. दोन साधनांची मौने अशी परस्परपूरक आहेत. ‘कोम’ने जो सांधा तोडला तो ओवी जोडते, आणि ओवी ज्याला अनाम ठेवते त्याची ओळख ‘कोम’ पटवितो. एकाच स्त्रीची ओवी आणि तिचा दस्त शेजारी ठेवता आले, तर तिचे दोन्ही कुळांतील स्थान प्रथमच पूर्णपणे दिसते.

मात्र यासाठी ओवी कोणाची हे ठाऊक असावे लागते. जुन्या संग्रहांनी ओव्या विषयवार लावल्या : आई, भाऊ, सासर, देव. भावसौंदर्य दाखविण्यास ही मांडणी योग्य होती. परंतु गाणारीचे नाव आणि गाव यांपासून ओवी सुटी झाल्याने तिचे ऐतिहासिक मूल्य उणावले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या गाणाऱ्या स्त्रीच्या नावागावासह. या पद्धतीने ओवी पुन्हा साधनाच्या दर्जाला आली.

आणि मग एक अप्रिय प्रश्नही उपस्थित होतो. ओवीत ज्या भावाची वाट पाहिली जाते, ज्याने दिवाळीला न्यावे, साडीचोळी करावी अशी अपेक्षा असते, तोच भाऊ हक्कसोडपत्रात लाभधारक असतो. माहेरची वाट मोडू नये म्हणून बहीण जमिनीवरचा हक्क सोडते, हे ग्रामीण समाजात उघडपणे बोलले जाते. तेव्हा ओवीतील भावाचे गुणगान निव्वळ वात्सल्य म्हणून वाचणारी समीक्षा अर्धेच वाचते. आणि हक्कसोडपत्र निव्वळ फसवणूक म्हणून वाचणारी समाजचिकित्साही अर्धेच वाचते. प्रेम आणि व्यवहार ही येथे एकाच नात्याची दोन अंगे आहेत. भावजयीविषयीच्या कडवट ओव्या याच संदर्भात वाचल्या, तर त्यांत केवळ नणंद-भावजयीचा पारंपरिक रुसवा न दिसता, माहेरावरील आपली सत्ता संपल्याची जाणीवही दिसू लागेल.

५

या विवेचनाची कसोटी पाहण्यास योग्य उदाहरण खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांचे आहे. शेतकरी, निरक्षर आणि गाणारी अशा तिन्ही अर्थांनी त्या प्रस्तुत वर्गाच्या प्रतिनिधी आहेत. जन्म जळगावनजीक असोदे येथे, १८८० मध्ये. पिता उखाजी महाजन, आई भीमाई. घमा, घना, गना हे भाऊ आणि अहिल्या, सीता, तुळसा या बहिणी. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी विवाह. ऐन तिशीत वैधव्य. मृत्यू ३ डिसेंबर १९५१. एवढी माहेरची माहिती त्या काळातील दुसऱ्या कोणा शेतकरी स्त्रीविषयी अपवादानेच मिळेल. ती वंशावळीने राखलेली नाही. पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते; त्यांनी व त्यांच्या मावसभावाने आईची गाणी उतरून घेतली, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली तेव्हा गाण्यांबरोबर त्या स्त्रीचे कूळही लोकांसमोर आले. गाणे टिकले म्हणून गाणारीचे माहेर टिकले.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला सावधगिरीचा : ही माहिती पुत्राच्या स्मरणातून आलेली आहे, आणि पुत्राच्या स्मरणात मातृभक्तीचा रंग अपरिहार्यपणे असतो. तिची तपासणी इतर साधनांनी होणे हेच तिच्या गौरवाला साजेसे आहे. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. बहिणाबाईंच्या एका प्रसिद्ध गाण्यात असा विचार आहे, की आई सासरी नांदते ती लेकीला माहेर लाभावे म्हणून. रसिकांनी त्यातील करुणा वाखाणली. परंतु त्यात कुलशोधाचे एक सूत्रही दडलेले आहे. प्रत्येक माहेर हे एका आधीच्या स्त्रीचे सासर असते. म्हणून एखाद्या स्त्रीचे मूळ शोधावयाचे, तर तिच्या आईला जेथे ‘कोम’ म्हणून लिहिले त्या गावच्या दप्तरात जावे; तेथून तिच्या आईच्या सासरच्या गावी जावे. वंशावळ बिनकडून बिनकडे जाते आणि एकाच गावात राहते. मायलेकींची परंपरा कोमकडून कोमकडे जाते आणि प्रत्येक पिढीला गाव बदलते. पहिलीचा आकार वृक्षाचा आहे, दुसरीचा वाटेचा.

६

हा प्रश्न केवळ अभ्यासिकेतील नव्हे. २०२३ पासून निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामातून, प्रथम मराठवाड्यात आणि नंतर राज्यभर, कुणबी नोंदींचा जो शोध झाला, त्यात मोडी कागद, जन्ममृत्यूची नोंद असलेली कोतवाल बुके आणि हक्कनोंदी यांची तपासणी मोठ्या प्रमाणावर झाली. या शोधाची दिशा मुख्यतः पितृकुळाची होती. विवाहसंबंधांतील नात्यांना किती मान द्यावा, यावरच पुढे ‘सगेसोयरे’ या शब्दाभोवती वाद झाला. त्या वादाच्या गुणदोषांचा निर्णय येथे प्रस्तुत नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की नाते कोणत्या बाजूने मोजावे हा प्रश्न आजही हक्काशी बांधलेला आहे. १ मे २०२४ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय नोंदीत पित्याच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय हा या इतिहासातील नवा टप्पा आहे. त्याने पुढील पिढ्यांचे काम सुकर होईल. मागील पिढ्यांचे होणार नाही.

मागील पिढ्यांसाठी विद्यार्थ्यांनी करावयाचे काम बिकट असले तरी अशक्य नाही. वारसनोंदीतील व हक्कसोडातील बहिणींची नावे गावागणिक वेगळी काढणे, त्यांच्या सासरच्या गावांशी ती जोडणे, आणि ज्या वृद्ध स्त्रियांना अद्याप ओव्या येतात त्यांच्याकडून त्या नावागावासह उतरून घेणे, या तीन गोष्टी एकाच अभ्यासाचे भाग म्हणून झाल्या पाहिजेत. आज पहिली दोन कामे इतिहासाची आणि तिसरे लोकसाहित्याचे मानले जाते. या विभागणीमुळेच दोन्हीकडे अर्धे चित्र उरते. दस्त आणखी काही काळ थांबू शकतील. जात्यावरील ओवी मात्र पिठाची गिरणी आल्यापासून नव्याने शिकली गेलेली नाही. ती ज्यांच्या तोंडी आहे त्या स्त्रिया आता थोड्या उरल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आयांच्या माहेरांची नावेही जाणार आहेत.